भोवऱ्यांचे नियंत्रण, द्रायुप्रवाहातील
द्रायूच्या (द्रवाच्या वा वायूच्या) प्रवाहात निर्माण होणारे भोवरे थोपविणे किंवा त्यांची कंप्रता व मांडणी इष्ट तशी बदलणे. दंडगोलामागील प्रवाह हे याविषयीच्या प्रयोगांचे प्रमुख क्षेत्र आहे.

रेनल्ड्झ अंक (जडत्वीय व श्यान प्रेरणांचे गुणोत्तर) सु. ४७ पेक्षा अधिक झाला की, दंडगोलाच्या दोन्ही बाजूंनी आळीपाळीने भोवरे सुटू लागतात. त्यांच्या दोन रांगांच्या स्थैर्याचे गणिती विवेचन टेओडोर फोन कारमान यांनी १९११-१२ मध्ये केले. भोवरे सुटण्याची कंप्रता ही वेग भागिले व्यास या राशीच्या सु. ०·२ पट असते. ३ मी. व्यासाच्या धुराड्यावर सेकंदास १० मी. वेगाचा वारा आल्यास प्रत्येक बाजूने सु. दीड सेकंदास एक भोवरा सुटतो. ही कंप्रता धुराड्याच्या नैसर्गिक कंप्रतेशी जुळल्यास अनुस्पंदन होऊन बांधकामास धोका पोहोचतो.

प्रयोगशाळेत पाण्यात रंग किंवा वातविवरात धूर सोडून भोवरे दृश्य करतात. तप्त तारेच्या वेगमापकाने त्यांची कंप्रता मोजतात. अनॅटोल रॉश्को यांनी १९५४-५५ च्या सुमारास दंडगोलामागे प्रवाहाच्या दिशेत व्यासाच्या पाचपट लांबीची पातळ पट्टी बसविली. तिने दोन बाजूंच्या प्रवाहस्तरांची परस्परक्रिया रोखली, भोवरे सुटणे थांबले व रोधही घटला. पी. जे. स्ट्रायकोव्हस्की व के. आर. श्रीनिवासन यांनी १९९० मध्ये दाखविले की, मागील बाजूस योग्य जागी ठेवलेला बारीक दंडगोल रेनल्ड्झ अंक सु. ८० होईपर्यंत भोवरे दाबून ठेवू शकतो. जागा चुकल्यास परिणाम नाहीसा होतो. म्हणजे पूर्ण बनलेल्या भोवऱ्याशी झुंजण्यापेक्षा त्याच्या उगमस्थानी केलेला अल्प बदल अधिक प्रभावी ठरतो.

वरील उपायांना बाहेरून ऊर्जा लागत नाही. सक्रिय पद्धतीत ती पुरवावी लागते. पी. टी. टोकुमारू व पी. ई. डिमोटाकिस यांनी १९९१ मध्ये, रेनल्ड्झ अंक १५,००० असताना, दंडगोल स्वतःच्या अक्षाभोवती मागेपुढे फिरवून रोध सु. ८०% पर्यंत कमी केला.

धुराड्यांसाठी क्रिस्टोफर स्क्रूटन यांनी ब्रिटनमधील नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत सर्पिल पट्ट्यांचा उपाय विकसित केला. व्यासाच्या सु. एकदशांश उंचीच्या तीन पट्ट्या धुराड्याच्या वरच्या भागावर गुंडाळल्या की, निरनिराळ्या उंचीवरील भोवरे एकाच वेळी सुटत नाहीत व कंपने ओसरतात. मात्र त्यांमुळे वाऱ्याचा रोध वाढतो. हा वाढीव भार आराखड्यात धरावा लागतो.