राक्षसाचा जीव पोपटात : एका आजीच्या गोष्टीची गोष्ट



मागच्या वेळी आपण गटाच्या हिशोबाच्या वहीबद्दल बोललो. आज वेगळ्या वहीबद्दल बोलू. ही वही गोष्टींची.

"राक्षसाचा जीव पोपटात" हे आपण सहज बोलून जातो. कुणाचा जीव म्हशीत, कुणाचा मोबाइलमध्ये! पण पोपटाची ही गोष्ट आपल्या मुलखातल्या एका कष्टकरी बाईनं सांगितली आणि ती पुस्तकात छापली गेली, हे फार जणींना ठाऊक नसेल.

त्या बाईचं नाव ॲना लिबराटा डिसूझा. घराणं मूळचं लिंगायत. आजोबांच्या काळात गोव्याच्या बाजूला हे कुटुंब ख्रिस्ती झालं. पती वारल्यावर ॲनाबाईंनी आयाची नोकरी करून लेकरं वाढवली. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या घरी त्या कामाला होत्या. १८६५-६६ च्या हिवाळ्यात गव्हर्नरसाहेब दक्षिणेतल्या मराठी मुलखात दौऱ्यावर निघाले. सोबत त्यांची मुलगी मेरी आणि ॲनाबाई. तंबूतला मुक्काम, बोलायला दुसरी बाईमाणूस नाही. मेरी म्हणाली, एखादी गोष्ट सांगा. ॲनाबाईंनी आपल्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी सांगायला सुरुवात केली आणि मेरी लिहून घेऊ लागली. १८६८ मध्ये लंडनला त्याचं पुस्तक निघालं, 'ओल्ड डेक्कन डेज', म्हणजे दख्खनचे जुने दिवस. चित्रं काढली मेरीची बहीण कॅथरीन हिनं. ॲनाबाईंनी स्वतःच्या आयुष्याबद्दल जे सांगितलं, तेही पुस्तकात छापलं आहे.

त्यातली पहिलीच गोष्ट पोपटाची. थोडक्यात सांगते.

सात बहिणी सात राजपुत्रांना दिलेल्या. धाकटी बालना. तिचं बाळ पाळण्यात असताना पंचकीन नावाचा जादूगार फकिराच्या वेशात आला. त्यानं तिला कुत्री करून पळवून नेलं. तिचा नवरा शोधायला गेला, तो दगड झाला. त्याचे सहा भाऊ गेले, तेही दगड झाले. पाळण्यातल्या बाळाला मावश्यांनी वाढवलं. त्याच्या मावश्या त्याच काकवा! पोरगा चौदा वर्षांचा झाला, त्याला सगळं कळलं आणि तो म्हणाला, मी आईला आणतो.

आता बघा, सात शूर गडी घोड्यावर बसून गेले आणि दगड झाले. तिथं हे पोर काय करणार? पण त्यानं तलवार उपसली नाही. आधी तो जादूगाराच्या माळ्याच्या घरी गेला. माळणीचं लुगडं नेसला आणि तिची लेक बनून फुलं घेऊन आईच्या मनोऱ्यात शिरला. आईची अंगठी त्यानं फुलांत लपवली होती. तिनं ती बघून ओळखलं, हा आपलाच लेक.

मग आईनं काम केलं. बारा-तेरा वर्षं ती त्या जादूगाराला नकार देत होती. आता गोड बोलून तिनं त्याला विचारलं, तुम्हाला मरण येतच नाही का हो? त्यानं सांगून टाकलं : लांबच्या जंगलात झाडांच्या रिंगणात पाण्यानं भरलेल्या सहा घागरींची उतरंड आहे. तिच्याखाली पिंजऱ्यात हिरवा पोपट आहे आणि त्या पोपटात माझा जीव आहे.

पोरगा निघाला. वाटेत एक साप गरुडाची पिलं खायला आला होता. त्यानं साप मारला. त्या उपकारापोटी गरुडांनी त्याला पहाऱ्यावरच्या भुतांवरून उडवत नेलं. पोपट हाती आल्यावर आधी दगड झालेली सगळी माणसं त्यानं जिवंत करायला लावली. पोपटाची मान मुरगळली ती नंतर.

म्हणजे माहिती आईनं काढली, आसरा माळणीनं दिला, वाट गरुडांनी दाखवली. पोराचं मोठेपण एवढंच, की त्यानं मदत मागितली आणि वाटेत दिसलेल्या अडल्याला मदत केली. आपला गट तरी दुसरं काय करतो?

अशा गोष्टी सगळ्या जगात आहेत. रशियातल्या गोष्टीत दुष्ट कोश्चेईचा जीव अंड्यातल्या सुईत असतो. नॉर्वेच्या गोष्टीत राक्षसाचं काळीज अंड्यात असतं आणि दगड झालेल्या भावांना सोडवतो तो घरातला धाकटा, ज्याच्यावर कुणाचा भरवसा नसतो. लेकरांना ही गोष्ट का आवडते? घरात सगळ्यात लहान तेच असतात ना!

ॲनाबाईंनाही सगळ्या गोष्टी आठवत नव्हत्या. मेरीनं विचारलं म्हणून जेवढ्या आठवल्या तेवढ्या उरल्या. आपल्याकडं तुळजापूर, कळंब, परंडा, भूम, कुठंही जा, खुरपताना आणि शेंगा फोडताना गोष्टी सांगणाऱ्या आज्या अजून आहेत. त्या गेल्या की गोष्टही जाते.

म्हणून एक काम करू. गटाच्या पुढच्या बैठकीला गावातल्या एका आजीला बोलवा. त्यांना विचारून मोबाइलवर आवाज भरून घ्या. लिहिताना त्यांचेच शब्द ठेवा. "शाळेतलं" मराठी करू नका. लिहून झालं की त्यांना वाचून दाखवा, त्या सुधारतील. मग चार कोरे कागद मधोमध दुमडून सुई-दोऱ्यानं शिवा, सोळा पानांची वही होते. एका बाजूला दोन-तीन ओळी मोठ्या अक्षरात लिहा, समोरच्या बाजूला लेकरांना चित्र काढू द्या. राक्षस कसा दिसतो, हे त्यांनाच ठरवू द्या. पहिल्या पानावर आजीचं नाव, गाव आणि त्यांनी ती गोष्ट कुणाकडून ऐकली, तेवढं नक्की लिहा. ॲनाबाईंचं नाव लिहिलं होतं, म्हणून आज आपण ते घेतो.

वही अंगणवाडीत ठेवा, लेकरांच्या हाती पडू द्या. फाटली तर दुसरी शिवू. आणि ज्या गटाची गोष्ट आधी तयार होईल, त्या गटाच्या आजींनी इथं रेडिओवर येऊन ती स्वतः सांगावी.