ऐब सांगून माल परत बोलावणे : बसच्या ब्रेकचा एक धडा

शहर बससेवा चालविणाऱ्या अमेरिकेतील संस्थांना कधी कधी बस बनविणाऱ्या कंपनीचे पत्र येते. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत तयार झालेल्या बसगाड्यांच्या पार्किंग ब्रेकमध्ये दोष असण्याची शक्यता आहे, त्या तपासून घ्याव्यात, दुरुस्तीचा खर्च कंपनी करील, असा त्याचा मजकूर असतो. याला 'रिकॉल' म्हणतात. आपल्याकडे अशी बातमी छापून आली की बाजारात लगेच चर्चा सुरू होते, "कंपनीची अब्रू गेली." व्यापारी बांधवांनी ही गोष्ट नीट समजून घेतली तर त्यांचे मत बदलेल असे वाटते.

पार्किंग ब्रेक कसा काम करतो?

मोठ्या बसचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. इंजिन किंवा मोटारीवर चालणारा कॉम्प्रेसर टाक्यांत हवा भरतो. ड्रायव्हरने पाय दाबला की ही हवा चाकाजवळच्या डब्यात, म्हणजे चेंबरमध्ये जाते आणि ब्रेक लागतो. हा चालत्या गाडीचा ब्रेक झाला. पण उभ्या गाडीतील हवा रात्रभरात गळून गेली तर काय होईल? म्हणून पार्किंग ब्रेकची रचना बरोबर उलटी असते. चेंबरमध्ये एक जबरदस्त स्प्रिंग असते आणि हवेचा दाब तिला आवळून ठेवतो. ड्रायव्हरने बटण ओढले की हवा निघून जाते, स्प्रिंग उलगडते आणि चाक जखडले जाते. म्हणजे हवा संपली तर ब्रेक सुटत नाही, उलट लागतो. बिघाड झालाच तर तो माणसाचा जीव वाचविणाऱ्या बाजूला व्हावा, हा त्यामागचा विचार.

तरीही दोष राहू शकतो. स्प्रिंग तुटते, व्हॉल्व्ह अडकतो, लायनिंग झिजते किंवा जोडणीचे माप चुकते. बटण ओढलेले असते, ड्रायव्हर निर्धास्तपणे खाली उतरतो आणि पंधरा टनांचे धूड उतारावर हलू लागते. अमेरिकेच्या एअर ब्रेकविषयक मानक क्रमांक १२१ मध्ये गाडी २० टक्के चढावर, म्हणजे पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर, धरून ठेवण्याची कसोटी आहे, ती यासाठीच.

आणखी एक गोष्ट. अनेक बसमध्ये दार उघडे असताना गाडी आपोआप जखडली जाते. काही ड्रायव्हर त्यालाच पार्किंग ब्रेक समजतात. ती सोय प्रवासी चढ-उतार करीत असताना थोडा वेळ गाडी थांबवून ठेवण्यासाठी आहे. तिच्या भरवशावर सीट सोडणे धोक्याचे.

आपले बरेच भाऊ गॅरेजच्या धंद्यात आहेत. त्यांना एवढेच सांगणे की, स्प्रिंगचा चेंबर तिला आवळून धरणारा बोल्ट लावल्याशिवाय कधीही उघडू नये. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जागच्या जागी मरू शकतो. बसखाली जाण्यापूर्वी चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत.

रिकॉलची पद्धत

अमेरिकेत वाहनांच्या सुरक्षिततेचा कायदा १९६६ साली झाला. त्यानुसार सुरक्षिततेला बाधा आणणारा दोष आहे हे ठरल्यावर कंपनीने पाच कामकाजाच्या दिवसांत सरकारी यंत्रणेला कळविले पाहिजे. त्यानंतर साठ दिवसांत प्रत्येक मालकाला टपालाने पत्र जाते. दुरुस्ती फुकट. गाडी दुसऱ्याला विकली गेली असली तरी हक्क गाडीबरोबर जातो.

हे जमते कशामुळे? प्रत्येक गाडीवर सतरा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो आणि कोणत्या क्रमांकाच्या गाडीत कोणत्या खेपेचा भाग बसला याची नोंद असते. रिकॉलचा खरा प्राण ही वही आहे. वही नसेल तर इच्छा असूनही माल परत बोलावता येत नाही.

दोष मोठ्या भागातच असतो असेही नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये टोयोटा कंपनीने जगभरातून सुमारे ३,४०,००० प्रियस मोटारी परत बोलावल्या. पार्किंग ब्रेकची तार जागेवरून सुटण्याची शक्यता होती. उपाय काय, तर एक क्लिप बसविणे! लेथवर छोटे सुटे भाग बनविणाऱ्या आपल्या कारागिरांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. आपला भाग चार रुपयांचा असेल, पण त्यावर विसंबणारी माणसे चार रुपयांची नसतात.

आपल्या देशाचा कायदा

भारतात मोटार कंपन्यांनी २०१२ पासून स्वखुशीने रिकॉलची पद्धत घेतली. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आले आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. दोषी वाहने परत बोलावण्याचा हुकूम आता सरकार देऊ शकते आणि दहा लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या कलमातील एक बाब विचार करण्याजोगी आहे. कंपनीने स्वतःहून दोष कळवून गाड्या परत बोलावल्या तर तिला हा दंड नाही. म्हणजे शिक्षा लपविण्याची आहे, कबुलीची नाही.

दुकानदारांसाठी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा याहून जवळचा. दोषी मालाने कोणाला इजा झाली तर बनविणारा जबाबदार असतोच, पण तो कोण हे कळत नसेल तर विकणाऱ्यालाही जबाबदार धरता येते. स्वस्तात मिळाला म्हणून बिलाशिवाय घेतलेला माल अशा रीतीने आपल्याच गळ्यात पडतो. कंपनीने दिलेली धोक्याची सूचना गिऱ्हाइकाला न सांगणे हीसुद्धा विक्रेत्याची चूक धरली आहे.

दीन काय सांगतो?

मुसलमान व्यापाऱ्याला हे नवे वाटू नये. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा वर कोरडे आणि आत ओले धान्य निघाले. ओले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसविणाऱ्याशी आपले नाते नाकारले. फिकहमध्ये 'खियारे-ऐब' आहेच. विकताना असलेला आणि गिऱ्हाइकाला न सांगितलेला दोष नंतर उघड झाला तर माल परत करून किंमत मागण्याचा त्याला हक्क आहे.

इमाम अबू हनीफा (रह.) स्वतः कापडाचे व्यापारी होते. त्यांनी आपल्या भागीदाराकडे माल पाठविला आणि एका कापडातील ऐब सांगून विकण्याची ताकीद दिली. भागीदार विसरला आणि कापड कोणी नेले हेही त्याला आठवेना. तेव्हा इमामसाहेबांनी त्या सगळ्या मालाची किंमत सदका केली, असे त्यांच्या चरित्रात सांगतात.

हा किस्सा मी मदरशात उर्दूतून वाचला होता. त्याचा अर्थ बऱ्याच वर्षांनी दुकानात कळला. एका गिरणीतून आलेल्या रंगीत अस्तराच्या खेपेचा रंग पहिल्याच धुण्यात उतरू लागला. ज्यांची बिले होती त्या शिंप्यांना निरोप पाठवून थान परत घेतले आणि पैसे दिले. पण निम्म्याहून जास्त माल मी रोखीने, बिलाशिवाय विकला होता. तो कोणाच्या शिलाईत गेला, कोणाच्या लग्नाचे कपडे त्याने खराब केले, हे मला आजतागायत माहीत नाही. मी शोधायला तयार होतो, पण शोधायचे कोणाला? इमामसाहेबांच्या भागीदाराची अडचण तीच माझी. फरक एवढाच की तो विसरला होता आणि मी कर वाचविण्यासाठी मुद्दाम लिहिले नव्हते.

आपण काय करावे?

प्रत्येक खेप कोणाकडून आणि कधी आली ते लिहावे. थानावर, डब्यावर किंवा सुट्या भागावर खेपेची खूण असू द्यावी. बिल द्यावे आणि घ्यावे. ब्रेक, गॅस, वीज, लहान मुलांच्या वस्तू आणि खाण्याचा माल यांत तर अजिबात हयगय करू नये. दोष कळला की त्याच दिवशी विक्री थांबवावी, माल वेगळा ठेवावा आणि गिऱ्हाइकाला आपण होऊन कळवावे. परत आलेला माल दुसऱ्या गावी स्वस्तात काढणे हे तर फसवणुकीवर फसवणूक आहे.

यात एकदा तोटा होतो, हे खरे. मी त्या अस्तरात भरपूर रक्कम घालविली. पण ज्या शिंप्यांचे पैसे परत केले, त्यांच्यापैकी बहुतेकजण अजून माझ्याच दुकानातून अस्तर नेतात. ज्यांना शोधू शकलो नाही ते पुन्हा कधी आले की नाही, हेही मला सांगता येत नाही.