चूक झेलणारी जागा
लेखमाला : नियम आणि माणूस (लेखांक ९)

वाहतुकीवर कुठंही गप्पा निघाल्या की तीन वाक्यं ठरलेली असतात. ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही.’ ‘दंड वाढवा, आपोआप सरळ येतील.’ आणि ‘महापालिका झोपली आहे का?’ पहिली दोन गाडी चालवणाऱ्याबद्दल असतात, तिसरं रस्ता बांधणाऱ्याबद्दल. गंमत अशी की पहिल्या दोनांवर तासभर वाद रंगतो, तिसरं मात्र बोलून सोडून दिलं जातं.

गेल्या आठवड्यात आपण वाहन परवान्याची पद्धत पाहिली. शिकाऊ परवाना सहा महिन्यांचा, तो मिळाल्यापासून किमान तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी. माणूस तपासायचा आणि मग रस्त्यावर सोडायचा, असं तिचं सूत्र. आज थोडी वाट वाकडी करून एका छंदाकडे पाहू. शिस्तीचा विषय निघाला की ज्याच्याकडे हमखास बोट दाखवलं जातं, तो छंद म्हणजे नेमबाजी.

महाराष्ट्राला हा खेळ नवा नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण आणलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सचं कांस्य मिळवलं. पण पदकांचा विचार न करता निव्वळ हौस म्हणून रेंजवर जाणारी मंडळीही आहेत. शाळकरी पोरं, नोकरदार, निवृत्त गृहस्थ शनिवार-रविवारी क्लबात जातात, दहा मीटरवरच्या कागदावर छर्रे मारतात आणि घरी येतात. हातात बंदूक असलेली इतकी माणसं एका खोलीत शेजारीशेजारी उभी असतात, आणि तरीही ती खोली निर्धास्त असते. हे कसं जमतं?

रिकामी बंदूकही भरलेलीच

सोपं उत्तर असं की नेमबाज शिस्तीचे असतात. ते खरंही आहे, पण अर्धंच. रेंजचे नियम नीट वाचले तर लक्षात येतं की ते शिस्तीच्या माणसासाठी लिहिलेलेच नाहीत. नवशिक्याला शिकवतात तो पहिला धडाच घ्या: प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं. ती आत्ताच स्वतः रिकामी करून ठेवली असली तरीही. नळीचं तोंड कायम लक्ष्याच्या दिशेला, बोट चापाबाहेर. थोडक्यात, ‘मला खात्री आहे’ या वाक्याला रेंजवर किंमत नाही.

पुढचे नियमही याच वळणाचे. नेमबाजी चालू नसताना नळीतून भडक रंगाची दोरी आरपार घालून ठेवायची. तिला सेफ्टी फ्लॅग म्हणतात. दोरी दोन्ही टोकांना दिसत असेल तर आत छर्रा नाही, हे दहा पावलांवरच्या माणसालाही कळतं. विचारावं लागत नाही. बंदूक रिकामी असल्याचं अधिकाऱ्यानं पाहिल्याशिवाय ती फायरिंग लाइनवरून उचलता येत नाही. रेषेच्या पुढं कोणी जायचं असेल तर रेंज ऑफिसरची परवानगी लागते. त्यानं ‘स्टॉप’ म्हटलं की सगळे थांबतात, आणि त्यानंतर भरलेली बंदूक परवानगीशिवाय हाताळणारा स्पर्धेतून बाद होऊ शकतो.

आणि इतकं करूनही कुणाचा चाप चुकून ओढला गेलाच तर? त्यासाठी लक्ष्यामागं छर्रा अडवणारी पेटी असते. पॉइंट टू टू रायफलची गोळी उघड्यावर साधारण दीड किलोमीटर जाऊ शकते. म्हणून ५० मीटरच्या रेंजला मागं भक्कम बांध लागतो आणि वर आडव्या भिंती लागतात. नेम वर गेला तरी गोळी आवाराबाहेर पडू नये, अशी ती योजना. दहा मीटर एअर रायफलमध्ये लक्ष्याचा मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो टिपायला वर्षानुवर्षं घालवलेल्या माणसाच्या पाठीशीही ही सगळी व्यवस्था उभी असते. तो अनाडी आहे म्हणून नाही, तो माणूस आहे म्हणून.

उलट बाजूनं हेच पाहायचं असेल तर उत्तरेकडच्या लग्नांमधला हर्षोल्हासाचा गोळीबार पाहावा. तिथली बंदूक अनेकदा परवान्याची असते, मालकाची कागदपत्रं चोख असतात, पण मागं बांध नसतो, रेषा नसते, थांबवणारा आवाज नसतो. गोळी मांडवात कुणाच्या तरी अंगात शिरते. २०१९ च्या दुरुस्तीनं शस्त्र कायद्यात अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. परवाना तोच, शस्त्र तेच, माणूसही कदाचित तोच. बदलली ती जागा.

वीस ज्यूल आणि शहाण्णव हजार ज्यूल

आता थोडं गणित. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ०.१७७ इंचापर्यंतच्या तोंडाच्या आणि नळीतून बाहेर पडताना २० ज्यूलपर्यंत ऊर्जा देणाऱ्या एअर गनला परवाना लागत नाही. त्यापुढं लागतो. स्पर्धेतली एअर रायफल तर सात-आठ ज्यूलच देते. म्हणजे सरकारनं ऊर्जा मोजून रेघ ओढली आहे.

हीच मोजपट्टी गाडीला लावू. हजार किलोची मोटार ताशी ५० किलोमीटरनं जाते तेव्हा तिच्यात सुमारे ९६,००० ज्यूल ऊर्जा असते. ताशी ३० ला ती ३५,००० च्या आसपास येते. स्वारासकट १८० किलोची स्कूटर ताशी ४० नं जाताना ११,००० ज्यूल घेऊन जाते. छर्ऱ्याची ऊर्जा सुईच्या टोकाएवढ्या जागेत उतरते, डोळ्यात गेला तर डोळा जातो. त्यामुळं दोन्ही धोके एका तराजूत घालता येत नाहीत हे कबूल. पण वेग वीसनं उतरला तर धडकेची ऊर्जा जवळजवळ एक तृतीयांश राहते, ही गोष्ट कुणाच्याही स्वभावावर अवलंबून नाही. भौतिकशास्त्र चांगल्या चालकाला सूट देत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यांवर गेली. त्यात दुचाकीवरचे ४४ टक्क्यांहून अधिक. ‘अतिवेग’ या कारणाखाली ७१ टक्के मृत्यू नोंदले गेले. हा आकडा वर्तमानपत्रात आला की पहिल्या वाक्याला बळ मिळतं: बघा, लोकांना शिस्त नाही. पण अतिवेग ही नोंद चालकानं काय केलं एवढंच सांगते. शाळेसमोरचा रस्ता सहापदरी, सरळसोट आणि गुळगुळीत का बांधला, वळणावर विजेचा खांब उघडा का ठेवला, पादचाऱ्याला मध्ये थांबायला दुभाजकात जागा का नाही, याचं उत्तर त्या एका शब्दात येत नाही.

ते उत्तर मुंबई-पुणे द्रुतगती मार्गानं दिलं. २०१६ मध्ये तिथं १५१ मृत्यू झाले. त्या वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलिसांनी मिळून शून्य मृत्यूचं उद्दिष्ट ठेवून काम सुरू केलं. चालकांवर कारवाई झालीच, पण त्याबरोबर रस्त्याकडेचे उघडे कठडे आणि खांब शोधले, तिथं अडथळे बसवले, धोक्याच्या जागा एकेक करून दुरुस्त केल्या, रुग्णवाहिकेची व्यवस्था सुधारली. २०१९ मध्ये मृत्यू ९२ वर आले. गाडी चालवणारा समाज तीन वर्षांत बदलला नव्हता. रस्त्याला थोडाफार रेंजचा गुण आला होता.

‘स्टॉप’ कोणी म्हणायचं?

इथं तिसरं वाक्य येतं. रेंजवर एकच आवाज असतो. धोका दिसला की तो थांबवतो, आणि धोका दिसूनही थांबवलं नाही तर जाब त्यालाच विचारला जातो. रस्त्यावर हा आवाज वाटला गेला आहे. परवाना देणार आरटीओ, दंड करणार वाहतूक पोलीस, डांबर घालणार महापालिका, आणि रस्ता मोठा असला तर सार्वजनिक बांधकाम खातं, रस्ते विकास महामंडळ किंवा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण. नवाकोरा रस्ता खणायला पाणी, वीज, गॅस, केबल हे आणखी वेगळे. प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर असतं, आणि चौकात माणूस मरतो.

घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनं नागरी स्थानिक संस्थांना जी कामं सोपवता येतात त्यांची यादी दिली. तिच्यात रस्ते आणि पूल आहेत. पण मुंबई आणि पुणे महापालिकांच्या सभागृहांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर काही वर्षं कारभार प्रशासकांकडे राहिला. त्या काळात प्रभागातल्या माणसानं चौकातल्या अंधाराबद्दल बोलायचं तर निवडून आलेला नगरसेवकच नव्हता. ‘महापालिका झोपली आहे का’ या प्रश्नाची अडचण हीच: दार ठोठावावं कुणाचं, हेच ठाऊक नसतं.

कायद्यानं एक दार मात्र उघडलं आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये १९८ अ हे कलम आलं. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसल्यामुळं मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं आणखी पुढं जाऊन खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळं झालेल्या मृत्यूला सहा लाख, जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्यायला सांगितलं आणि ती रक्कम जबाबदार असलेल्यांकडून वसूल करण्याची भूमिका घेतली. दंडाची पावती आता फक्त चालकाच्याच नावानं फाडायची नाही, हा त्याचा अर्थ.

गतिरोधक मागताना

यावर एक रास्त आक्षेप येतो. रेंज ही चार भिंतींतली जागा. तिथं भाजीची गाडी नसते, शाळा सुटत नाही, गणपतीची मिरवणूक येत नाही. रस्त्याला रेंज करायचं म्हणजे माणसांना जाळीत कोंडायचं का? मुळीच नाही. रेंजकडून घ्यायचा आहे तो कडकपणा नव्हे, हिशेब. चूक होणारच असं धरून चालायचं आणि ती झाली तर जीव जाऊ नये अशी जागा आखायची. चालकाची जबाबदारी यानं संपत नाही. रेंजवरही बेफिकीर माणूस बाद होतोच. पण बाद करणं हा शेवटचा उपाय असतो, पहिला नव्हे.

आपल्याकडे या हिशेबाची एकच खूण लोकांना ठाऊक आहे: गतिरोधक. अपघात झाला की दुसऱ्या दिवशी मागणी तीच, आणि कधी सोसायटीच रातोरात एक उंचवटा घालून मोकळी होते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, गोलाकार माथ्याचा असतो. त्यावरून ताशी २५ किलोमीटरनं धक्क्याविना जाता यावं, असा त्याचा उद्देश. त्यावर पट्टे हवेत, आधी सूचनाफलक हवा. आपल्या गल्लीत मात्र हातभर रुंदीचा, रंग नसलेला डांबराचा कणा असतो. चूक झेलायला घातलेली वस्तूच दुचाकीस्वाराला अंधारात फेकून देते.

म्हणून पुढच्या वेळी प्रभाग कार्यालयात किंवा नगरसेवकाकडे अर्ज घेऊन जाल तेव्हा ‘गतिरोधक हवा’ एवढंच लिहू नका. चौकात चूक कुठं होते ते लिहा: डावीकडं वळणाऱ्या गाड्या वेग कमी करत नाहीत, ओलांडताना मध्ये उभं राहायला जागा नाही, दिवा झाडाआड आहे. मग विचारा: हा रस्ता कुणाच्या ताब्यात आहे, कोणत्या मानकाप्रमाणे दुरुस्ती होणार, ती तपासून सही कोण करणार? त्या सहीच्या माणसाचं नाव आणि हुद्दा लेखी मागा. ज्या दिवशी तुमच्या चौकाला असा एक माणूस मिळेल, त्या दिवशी त्या चौकाला रेंज ऑफिसर मिळाला असं समजा. शिस्तीवरची चर्चा त्यानंतरही चालू ठेवायला हरकत नाही.

(पुढील लेखांकात : पदपथ चालायचा की गाड्या लावायचा?)