वायुमुखवट्याच्या डब्यात काय असते?

युद्धावरील चित्रपटांत किंवा इतिहासाच्या पुस्तकांतील छायाचित्रांत वायुमुखवटा घातलेले सैनिक तुम्ही पाहिले असतील. डोळ्यांच्या जागी दोन वाटोळ्या काचा, तोंडापुढे पत्र्याचा डबा, काही मुखवट्यांना तर हत्तीच्या सोंडेसारखी लांब नळी! हे 'गॅस मास्क' आज केवळ चित्रांत उरलेले नाहीत. निरनिराळ्या देशांच्या लष्करांनी मोडीत काढलेले मुखवटे जुन्या मालाच्या दुकानांतून आणि अलीकडे घरबसल्या मागवूनही मिळतात. सोव्हिएत रशियात १९६० नंतरच्या दशकांत नागरिकांसाठी प्रचंड संख्येने बनवलेला 'जीपी-५' हा मुखवटा तर जगभर स्वस्तात विकला जातो. मग कोणी तो संग्रहासाठी घेतो, कोणी स्नेहसंमेलनातील नाटकासाठी. आणि हातात आला की तो तोंडावर चढवून पाहण्याचा मोह कोणाला होत नाही?

हा मोह आवरावा, असे मी म्हणणार आहे. पण नुसते 'करू नका' म्हणून विज्ञानाच्या विद्यार्थ्याचे समाधान होत नाही, आणि होऊही नये. तेव्हा तो डबा न उघडताच त्याच्या आत काय असते ते पाहू या.

२२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र या गावाजवळ जर्मन सैन्याने दीडशे टनांहून अधिक क्लोरीन वायू वाऱ्यावर सोडला. समोरच्या खंदकांतील सैनिकांजवळ बचावाचे कोणतेच साधन नव्हते. प्रथम सोड्याच्या द्रावणात भिजवलेल्या कापसाच्या पट्ट्या नाकातोंडावर बांधून वेळ भागवण्यात आली. त्याच वर्षी रशियन रसायनशास्त्रज्ञ निकोलाय झेलिन्स्की यांनी कोळसा भरलेला मुखवटा तयार केला. पुढच्या बहुतेक सर्व वायुमुखवट्यांत कोळसा आहेच.

हा कोळसा चुलीतला नव्हे. लाकूड, नारळाची करवंटी अशा पदार्थांचा कोळसा वाफेबरोबर किंवा काही रसायनांबरोबर खूप तापवला की त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे पडतात. त्याला क्रियाशील कोळसा म्हणतात. अशा एका ग्रॅम कोळशाच्या छिद्रांच्या भिंती उलगडून पसरता आल्या, तर त्यांचे पृष्ठफळ सुमारे एक हजार चौरस मीटर भरेल. चिमूटभर कोळशात कबड्डीची सात-आठ मैदाने मावली म्हणा ना! या पृष्ठभागावर वायूचे रेणू चिकटून राहतात. या क्रियेला अधिशोषण असे म्हणतात. स्पंज पाणी पितो तसे हे नव्हे. येथे सारा खेळ पृष्ठभागाचा आहे. १९१८ साली अमेरिकेत या कोळशासाठी पीच फळांच्या बिया आणि नारळाच्या करवंट्या गोळा करण्याची देशव्यापी मोहीम काढावी लागली होती. आपल्या कोकणात बंबात जाणाऱ्या करवंटीला तेव्हा तिकडे केवढा भाव आला असेल!

पण सर्वच वायू सारखे चिकटत नाहीत. ढोबळ नियम असा, की जो वायू सहज द्रवरूप होतो तो कोळशावर सहज धरला जातो. क्लोरीन उणे ३४ अंश सेल्सियसला द्रव होतो. कार्बन मोनॉक्साइडला त्यासाठी उणे १९१ अंशांपर्यंत थंड करावे लागते. म्हणून क्लोरीन अडकतो आणि कार्बन मोनॉक्साइड जणू काही मध्ये कोळसा नाहीच अशा थाटात पार निघून जातो. आगीच्या धुरात माणसाचा जीव घेणारा मुख्य वायू हाच. त्याच्यासाठी हॉपकॅलाइट नावाचे मँगनीज डाय-ऑक्साइड व कॉपर ऑक्साइड यांचे मिश्रण भरलेला वेगळा डबा लागतो, आणि ते मिश्रण दमट हवेने निकामी होते. साधा लष्करी मुखवटा घालून आगीत शिरणारा माणूस उघड्या तोंडाने शिरणाऱ्यापेक्षा अधिक धोक्यात असतो, कारण आपण सुरक्षित आहोत असे त्याला वाटत असते.

हायड्रोजन सायनाइड, सायनोजन क्लोराइड यांसारखे विषारी वायू नुसता कोळसा नीट धरत नाही. म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून कोळशाला तांबे, चांदी आणि क्रोमियम यांच्या संयुगांचा लेप देण्यात येऊ लागला. यातील षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, हे पुढे स्पष्ट झाले. १९९० नंतर अमेरिकन लष्कराने क्रोमियमविरहित कोळसा वापरात आणला. जुने डबे मात्र आतल्या क्रोमियमसह विक्रीच्या बाजारात फिरत राहिले. डबा हलवल्यावर आत दाणे खुळखुळत असतील, तर कोळसा घासून त्याची पूड झालेली असू शकते, आणि श्वास ओढताच ती पूड नाकात येते.

आता याहून गंभीर गोष्टीकडे वळू. वायू कोळसा अडवतो, पण धूर आणि अतिसूक्ष्म थेंब वायू नसतात. त्यांच्यासाठी डब्यात कागदासारखा तंतूंचा थर लागतो. तुम्हाला वाटेल, हा थर म्हणजे पिठाची चाळणी. भोकापेक्षा मोठा कण अडणार, लहान कण जाणार. तसे नसते. मोठे कण जडत्वामुळे तंतूंच्या वळणांवरून हवेबरोबर वळू शकत नाहीत आणि तंतूवर आपटतात. फारच लहान कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भरकटतात, म्हणजे त्यांना ब्राउनी गती असते, आणि भरकटत भरकटत तेही तंतूला चिकटतात. निसटतात ते मधले! दुसऱ्या महायुद्धात धुराच्या गाळण्यांचा अभ्यास करताना अर्व्हिंग लँगम्यूर या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या गणितातून असे दिसले, की सुमारे ०.३ मायक्रॉन व्यासाचे कण अडवणे सर्वांत कठीण. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) त्यांना पकडायचे तर तंतू जितका बारीक तितका चांगला. आणि त्या काळी निसर्गात मिळणारा, स्वस्त व अतिशय बारीक तंतू होता अॅस्बेस्टॉसचा. निळ्या अॅस्बेस्टॉसचा तंतू मायक्रॉनच्या दहाव्या हिश्शाइतका बारीक असू शकतो. ज्या गुणामुळे तो गाळणीला उत्तम ठरला, त्याच गुणामुळे तो फुप्फुसात खोलवर जाऊन रुततो.

१९३८ च्या सप्टेंबरात, युद्ध होणार अशी चिन्हे दिसू लागल्यावर, ब्रिटनमध्ये सुमारे ३ कोटी ८० लाख मुखवटे नागरिकांना वाटण्यात आले. लहान मुले ते रोज शाळेत नेत. ज्या वायुहल्ल्याच्या भीतीने ते वाटले तो हल्ला कधी झालाच नाही. पण नॉटिंगहॅम, लेलंड येथील कारखान्यांत ज्या स्त्रियांनी लष्करी मुखवट्यांच्या गाळण्यांत निळे अॅस्बेस्टॉस भरले, त्यांच्यापैकी अनेकींना पुढे फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग झाला. मेसोथेलिओमा हे त्याचे नाव. हा रोग तंतू शरीरात गेल्यावर वीस, तीस, चाळीस वर्षांनीही डोके वर काढतो. युद्ध संपले, मुखवटे माळ्यावर गेले, आणि रोग त्यानंतर आला.

ब्रिटनमधील शाळांत दुसऱ्या महायुद्धाचा धडा शिकवताना असे जुने मुखवटे मुलांच्या हाती देण्याची, क्वचित तोंडावर चढवण्याचीही पद्धत होती. २०१४ साली तेथील आरोग्य व सुरक्षा विभागाने काही मुखवटे तपासले. बहुतेकांत अॅस्बेस्टॉस निघाले, आणि पुष्कळदा ते अधिक घातक असे निळ्या जातीचे. तेव्हापासून शाळांनी हे मुखवटे मुलांना हाताळू देऊ नयेत, असा सल्ला देण्यात आला. सोव्हिएत जीपी-५ च्या गाळणीतही तपासणीत अॅस्बेस्टॉस आढळलेले आहे.

येथे कोणी म्हणेल, आमच्या गोठ्यावर अॅस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे आहेतच की! खरे आहे. पण पत्र्यात तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. पत्रा फोडला, कापला, घासला म्हणजे ते सुटतात. मुखवट्याच्या गाळणीत मात्र ते जुनाट, ठिसूळ झालेल्या कागदाइतकेच धरलेले असतात, आणि आपण त्यातूनच जोर लावून हवा आत ओढतो. सुटलेला तंतू खाली बसायलाही वेळ लावतो. एक मायक्रॉन व्यासाचा पाण्याचा थेंब स्तब्ध हवेत सेकंदाला मिलिमीटरचा सुमारे तीन शतांश भाग एवढाच खाली येतो. दीड मीटर उंचीवरून जमिनीवर यायला त्याला बारा तासांहून अधिक वेळ लागेल. बारीक तंतूंची गत साधारण अशीच. म्हणून 'आत काय आहे ते पाहू' म्हणून करवतीने डबा कापणे हा सर्वांत वाईट प्रयोग.

मग डबा काढून टाकून नवा लावला तर? हा प्रश्न हुशार विद्यार्थी हमखास विचारतात. पाश्चात्त्य लष्करांच्या डब्याचे आटे ४० मिलिमीटर व्यासाचे, सोव्हिएत डब्याचेही ४० मिलिमीटरचेच. पण पहिल्यात दोन आट्यांमधील अंतर इंचाचा सातवा भाग, म्हणजे ३.६३ मिलिमीटर, तर दुसऱ्यात ४ मिलिमीटर असते. डबा फिरतो, बसल्यासारखा वाटतो, आणि फटीतून हवा येतच राहते. शिवाय रबराचे काय? रबराच्या लांब रेणूंवर हवेतील ऑक्सिजन व ओझोन वर्षानुवर्षे काम करीत असतात. रबर कडक होते, त्याला बारीक भेगा पडतात. उच्छ्वासाची झडप म्हणजे रबराची एक पातळ चकती. ती वाकडी झाली, की श्वास घेताना बाहेरची हवा गाळणीला वळसा घालून थेट आत येते.

याच झडपेची आणखी एक गोष्ट. २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा जुने वायुमुखवटे घालून बाजारात हिंडणाऱ्यांची छायाचित्रे देशोदेशींच्या वर्तमानपत्रांत आली. या मुखवट्यात आत येणारी हवाच गाळली जाते, बाहेर जाणारी नाही. घालणारा स्वतः रोगी असेल, तर शेजाऱ्याला त्याचा काडीचाही उपयोग नाही.

मुखवट्याच्या आत एक पोकळीही असते. आपण सोडलेल्या श्वासात सुमारे ४ टक्के कार्बन डाय-ऑक्साइड असतो. तो श्वास पोकळीत साठतो आणि पुढच्या वेळी तोच प्रथम आत जातो. बारा वर्षांच्या मुलाचा एक शांत श्वास सुमारे ३०० घनसेंटिमीटरचा. समजा, मोठ्या माणसाच्या मापाच्या मुखवट्यात २०० घनसेंटिमीटर पोकळी आहे. मग ताजी हवा उरली १००, आणि त्यातीलही बरीचशी श्वासनलिकेतच राहणार. मूल आपोआप जोराने श्वास घेऊ लागते, पण पुढे गाळणीचा अडथळा. चांगल्या मुखवट्यांत नाकाभोवती एक आतली वाटी बसवून ही पोकळी कमी केलेली असते. जीपी-५ मध्ये ती नाही.

आणि डब्याचे बूच लावलेलेच राहिले तर? ही कल्पनेतील गोष्ट नाही. १९९१ च्या आखाती युद्धात इराकच्या क्षेपणास्त्रांच्या भीतीने इस्रायलमध्ये घरोघरी मुखवटे वाटले होते. धोक्याचा भोंगा वाजताच घाबरून काहींनी डब्याचे बूच न काढताच मुखवटे चढवले आणि ते गुदमरून मेले. विषारी वायू तर आलाच नव्हता. ते मुखवटे नवे होते, धडधाकट होते.

आपल्या खेड्यांत एक गैरसमज फार धोकादायक ठरू शकतो, म्हणून सांगतो. जुनी विहीर, मैल्याची टाकी, सांगलीजवळच्या हरिपूरला असत तसली हळदीची पेवे, अशा ठिकाणी ऑक्सिजनच कमी झालेला असतो. हवेत एरवी तो २१ टक्के असतो. वायुमुखवटा हवा गाळतो, ऑक्सिजन निर्माण करीत नाही. जे हवेतच नाही ते गाळणी कोठून आणणार? पेव उघडल्यावर लगेच आत न उतरता आधी कंदील सोडून पाहण्याची जुन्या माणसांची रीत या बाबतीत कोणत्याही मुखवट्यापेक्षा शहाणपणाची होती. मैल्याच्या टाकीत मात्र कंदीलही नको. तेथे मिथेन असू शकतो, आणि तो पेट घेतो. अशा जागी पाठीवर हवेचे नळकांडे बांधलेला प्रशिक्षित माणूसच उतरू शकतो.

शाळेच्या संग्रहात किंवा घरात असा मुखवटा आधीच असेल, तर घाबरून तो फेकून देऊ नका. कचऱ्यात टाकलेला डबा कोणाच्या तरी हाती फुटेल. बूच असेल तर ते लावून डबा जाड पॉलिथीनच्या दोन पिशव्यांत, एकीत एक, बंद करावा, वर 'अॅस्बेस्टॉसची शक्यता' अशी चिठ्ठी लावावी आणि काचेच्या कपाटात कुलपात ठेवावा. नाटकासाठी कागदाचा लगदा व दुधाचा रिकामा डबा यांचा मुखवटा उत्तम होतो, आणि प्रेक्षकांना फरक कळत नाही.

अधिशोषण मात्र तुम्हाला प्रत्यक्ष पाहता येईल. मत्स्यालयाचे सामान विकणाऱ्या दुकानात क्रियाशील कोळसा मिळतो. तो पाण्याने धुऊन त्याचे दोन चमचे एका बाटलीत घ्या, पेलाभर पाणी घाला आणि निळ्या शाईचे दोन थेंब टाकून बाटली हलवा. बाटली वरचेवर हलवत अर्धा-एक तास गेला की पाण्याचा रंग उडू लागेल. तो पुरता उडाला की आणखी दोन थेंब टाका, पुन्हा वाट पाहा, आणि थेंब वहीत मांडत चला. एक वेळ अशी येईल की रंग उडेनासा होईल. आता तो कोळसा बाहेर काढून वाळवा आणि न वापरलेल्या कोळशाशेजारी ठेवून मित्राला विचारा, यातला संपलेला कोणता?