ओवी थोरल्या भावाची

घोटीच्या परिसरात जात्यावर रोजचे दळण केव्हाच थांबले. पीठ गिरणीतून येते, भात मिलमध्ये भरडला जातो. जाते कुठे तुळशीपाशी, कुठे पडवीच्या कोपऱ्यात उभे करून ठेवलेले असते. पण लग्नघरी हळद दळायची वेळ आली, की तेच जाते धुऊनपुसून मांडतात, त्याला सुपारी बांधतात आणि दोन जाणत्या बाया समोरासमोर बसून खुंटा धरतात. हात फिरू लागला, की ओवी आपसूक येते. पहिल्या ओव्या देवाच्या, मग आईबापाच्या, आणि फार वेळ न लावता भाऊ येतो. त्यातही थोरल्याचा मान वेगळा.

मायबहिणींनो, हा मान कशासाठी ते तुम्हाला सांगायला नको. बाप थकला, की घरचा कारभार थोरल्याच्या खांद्यावर येतो. धाकट्या बहिणीचे स्थळ तो पाहतो, लग्नाचे कर्ज तो फेडतो, आणि सासरी न्यायला मुराळी म्हणूनही बहुधा तोच जातो. आईबाप गेल्यावर तर बहिणीचे माहेर म्हणजे भावाचे उघडे दार. ओवीत त्याचे उपकार मोजलेले असतात, पण मोठ्या गोष्टींनी नव्हे. तो आला, ओसरीवर टेकला, लेकरांच्या हाती खाऊ ठेवला, शिंप्याकडे उभा राहून चोळीचा खण निवडला, निघताना मागे वळून पाहिले. एवढ्याशा गोष्टींवर बाई ओवीमागून ओवी रचत जाते.

आपल्या इगतपुरी तालुक्यात या येण्याला आणखी एक किंमत आहे. पंचमी येते श्रावणात. तेव्हा पाऊस धो धो कोसळत असतो आणि आवणी कुठे उरकलेली, कुठे चाललेली असते. राबातली रोपे वेळेवर चिखलात गेली नाहीत, तर वर्षाचा भात हातचा जातो. भाऊबीज येते ती भाताच्या कापणी-झोडणीच्या दिवसांत. म्हणजे भावाबहिणीचे दोन्ही मोठे सण ऐन कामाच्या घाईत. अशा वेळी हातातले काम टाकून, डोक्यावर इरले घेऊन, ओढे ओलांडत जो बहिणीच्या दारी येई, त्याने काय सोडून आला ते बोलून दाखवायची गरज नसे. शेतकऱ्याच्या लेकीला ते कळते. ओवीतली बहीण वाटेकडे डोळे लावून बसते, दुरून त्याची चाल ओळखते, आणि शेजारणीला मोठ्या तोऱ्यात सांगते की माझा पाहुणा आला.

या ओव्यांत एकीवर मात्र अन्याय होतो, तो भावजयीवर. भाऊ नेहमी मायाळू, आणि काही कमी पडले तर दोष तिचा! आता ही भावजयही कुणाची तरी बहीणच. तिकडे तिच्या जात्यावर तीही आपल्या भावाचे गोडवे गात असते आणि त्याच्या बायकोला बोल लावत असते. दोघींच्या ओव्या शेजारी ठेवून ऐकल्या तर हसू येईल.

थोरल्या भावाचे ऋण गाण्याची रीत आपल्या मुलखाला जुनी आहे. घोटीहून वैतरणेच्या बाजूने त्र्यंबकला जाता येते. तिथे निवृत्तिनाथांची समाधी आहे आणि पौष वद्य एकादशीला मोठी यात्रा भरते. आईबापांवाचून राहिलेल्या चार भावंडांत निवृत्ती थोरले. ज्ञानदेवांनी याच भावाला गुरू केले आणि शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, सांगितलेल्या ज्ञानेश्वरीत जागोजाग त्यांचे ऋण मानले. त्या ग्रंथाचा छंदही ओवीच आहे, हे विसरू नये. धाकट्या मुक्ताईची गोष्ट त्याहून मनाला भिडते. लोकांच्या वागण्याने दुखावलेले ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले, तेव्हा तिने बाहेर उभे राहून त्यांना समजावले, अशी परंपरा आहे. ते ताटीचे अभंग. थोरल्या भावावर माया आहे म्हणून ती गप्प बसली नाही. चार शब्द सुनावण्याचा हक्क तिने त्या मायेतूनच घेतला.

बायकांच्या ओव्या मात्र कितीतरी शतके कागदावर आल्याच नाहीत. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये त्या गोळा केल्या, डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या कामात त्या छापून ठेवल्या. पुढे पुण्यात हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटविन यांनी गावोगावच्या बायांबरोबर १,००० हून अधिक गावांतून १ लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. २०१७ पासून त्या ‘पारी’ या संकेतस्थळावर येऊ लागल्या. मोबाइलवर त्या वाचता येतात, काही त्या बायांच्या आवाजात ऐकताही येतात.

आता एका अवघड ओवीविषयी बोलले पाहिजे. भावाला उद्देशून बहीण सांगते, की तुझे शेत नको, वाडा नको, वर्षाची साडीचोळी पुरे. गावोगाव निरनिराळ्या शब्दांत ही भावना आढळते. ती मनाचा मोठेपणा म्हणून गाइली जाते, आणि तो मोठेपणा आहेच. पण ती ओवी रचली गेली त्या काळी लेकीला वडिलांच्या घरच्या जमिनीत वाटा मागताच येत नसे. मागता येत नाही ते ‘नकोच’ म्हणण्यात तिचा मान राहत असे.

आज काळ बदलला आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने लेकीला वडिलांची वारस मानले. महाराष्ट्राने १९९४ मध्ये अविवाहित लेकींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क दिला, २००५ मध्ये देशभर लग्न झालेल्या लेकींनाही तो मिळाला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मापासूनचा असल्याचे स्पष्ट केले. इकडे आपल्या तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. जमीन संपादनात गेली, की वारसांच्या सह्या लागतात. मग वर्षानुवर्षे न आठवलेल्या आत्या आठवतात, गाडी दारात येते, आणि हक्कसोड पत्र पुढे येते. त्याच वेळी कुणीतरी हमखास म्हणते, बहिणीला साडीचोळीच शोभते.

कुणा बहिणीने समजून-उमजून हक्क सोडला तर तो तिचा आनंद. पण ती ओवी बहिणीने आपल्या मनाने गायची आहे. भावाने ती तिच्याकडून वदवून घ्यायची नव्हे. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला हक्कसोड सहजी मागे फिरत नाही, म्हणून सही करण्यापूर्वी कागद कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्यावा. थोरल्या भावाने तो स्वतः वाचून दाखवला तर फारच बरे. बहिणीचा वाटा आपण होऊन तिच्या नावे लावणारा दादा निघाला, तर त्याच्यावर रचायला नवी ओवी लागेल. जुन्या ओव्यांत तो कुठून असणार?

या भाऊबीजेला घरात म्हातारी आत्या आली असेल, तर तिला नुसते ‘ओवी सांग’ म्हणू नका. बहुतेकींना अशी तोंडी आठवत नाही. कोपऱ्यातले जाते मांडा, मूठभर नागली वैरायला द्या, समोरून भावाने स्वतः खुंट्याला हात लावावा, आणि नातवाने मोबाइल चालू करून शेजारी ठेवावा. चार फेरे झाले, की ती सुरू होईल.