खडकावरचे पाय

आपल्या बार्शीटाकळीहून समुद्र लय दूर. पण विहीर खोदताना आपल्याकडे जो काळा पत्थर लागतो, त्याच जातीचा खडक मुंबईच्या किनाऱ्यावर आहे.

महानच्या धरणाचे पाणी उन्हाळ्यात हळूहळू उतरते. समुद्राचे पाणी मात्र रोज साधारण दोनदा चढते व दोनदा उतरते. त्याला भरती-ओहोटी म्हणतात. ओहोटीला खडक उघडे पडतात. त्यांवर शेवाळ, शंखातले जीव व कालवे असतात. कालव एकदा खडकाला चिकटले की जन्मभर तिथेच. त्याला पळता येत नाही. कोकणातल्या कितीतरी बाया कालवे काढून विकतात व घर चालवतात.

लोक खडकावर फिरतात तेव्हा चपलेखाली शेवाळ खरवडते, मऊ जीव चिरडतात. शेवाळाच्या ओलाव्यात लपलेले जीव उन्हात वाळतात. कोणी दगड उलटवून तसाच टाकतो. त्याखालचे जीवही मरतात.

एका पायाने काय होते? गवतातली पायवाट पाहा. एका माणसाने ती पडत नाही, रोजच्या पायांनी पडते. मग तिथे गवत उगवत नाही. खडकाचेही तसेच.

मालवणला १९८७ साली सागरी अभयारण्य झाले. पण प्रत्येक खडकावर पहारेकरी कोठून आणणार? म्हणून सहलीला गेल्यावर वाळूवर किंवा मोकळ्या खडकावरच पाय ठेवा. उलटवलेला दगड होता तसा ठेवा. जिवंत शंख खिशात घालू नका. पालकांनीही मुलांना हे सांगावे, ही विनंती.