बेकनचं बेट आणि मधलं दशक

2016 मध्ये थॉमस मोरच्या ‘यूटोपिया’ला 500 वर्षं झाली आणि 2026 मध्ये फ्रान्सिस बेकनच्या मृत्यूला 400 वर्षं होतात. या दोन निमित्तांच्या मधलं दशक आदर्श शहरांच्या घोषणांनी नुसतं गजबजलेलं होतं. जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटी मिशनची पहिली यादी आली, त्यात पुण्याचा नंबर दुसरा. 31 मार्च 2025 ला शंभर शहरांचं हे मिशन गुंडाळलं गेलं. किती चौक सुशोभित झाले याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. माझी तक्रार वेगळी आहे. युरोपच्या प्रबोधनकाळाने आदर्श समाजाच्या राजकारणाचे दोन मार्ग दाखवले होते, मोरचा आणि बेकनचा. या दशकाने बेकनचा मार्ग धरला आणि तो धरताना कुणाला विचारलंही नाही.

‘यूटोपिया’ म्हटलं की खाजगी मालमत्ता नाही, दिवसाला सहा तास काम आणि सोन्याची शौचभांडी एवढंच लोकांना आठवतं. या बेटाची हकिकत सांगणारा खलाशी कालिकतला पोर्तुगीज जहाज गाठून मायदेशी परततो. पुस्तक आलं तेव्हा पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने गोवा घेऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती, म्हणजे पुस्तकाला त्या काळाच्या समुद्राचा ताजा वारा आहे. पण खरा ऐवज आहे तो कारभाराच्या कलमांत. दर तीस कुटुंबं मिळून दरवर्षी एक प्रतिनिधी निवडतात. शहरातले असे दोनशे प्रतिनिधी, लोकांनी सुचवलेल्या चार नावांतून, गुप्त मतदानाने प्रमुख ठरवतात. सभेत एखादा विषय ज्या दिवशी मांडला जातो त्या दिवशी त्यावर चर्चा करायची नाही. का, तर घाईत बोलून गेलेला माणूस पुढे लोकहित सोडून आपलंच म्हणणं रेटत बसतो. आणि सभेबाहेर राज्यकारभाराची खलबतं करणाऱ्याला देहान्त शासन. वाचताना अंगावर काटा येतो, पण या कलमाचा रोख रस्त्यावरच्या माणसावर नाही. प्रमुख आणि वरिष्ठ अधिकारी संगनमताने राज्य बदलून टाकतील, ही भीती त्यामागे आहे. हे लिहिणारा माणूस लंडनचा उपशेरीफ होता, सत्ता बंद दाराआड काय करते हे त्याला ठाऊक होतं. शिवाय त्याने बेटाच्या वर्णनाआधी एक अख्खा भाग इंग्लंडवर खर्च केला आहे: मेंढ्यांच्या कुरणांसाठी उठवलेली गावं आणि पोटासाठी चोरी करणाऱ्यांना दिलेली फाशी. आधी दुखणं, मग स्वप्न, असा तो क्रम आहे.

पुढच्या शंभर वर्षांतल्या बऱ्याचशा नकला कंटाळवाण्या आहेत. 1553 मध्ये इटलीतल्या पात्रित्सीने आपल्या सुखी नगरात शेतकरी, कारागीर आणि व्यापारी यांना नागरिकच मानलं नाही, एवढं सांगितलं की त्याचं काम झालं. काम्पानेल्लाचं तसं नाही. नेपल्सच्या तुरुंगात 1602 मध्ये त्याने ‘सूर्यनगर’ लिहिलं: सात तटांचं शहर, भिंतींवर सगळी शास्त्रं चितारलेली, वर एक सर्वज्ञ पुरोहित, त्याच्या हाताखाली बळ, ज्ञान आणि प्रेम या नावांचे तीन अधिकारी. कुणी कुणाशी संग करायचा हेही प्रेमखातं ठरवणार. या चौघांना लोक पदावरून काढू शकत नाहीत, आपल्याहून शहाणा दिसला तर त्यांनी आपणहून पायउतार व्हायचं. बेकनच्या ‘न्यू अटलांटिस’ या बेटाच्या कथेत तर निवडणुकीचा उल्लेखच नाही. तिथल्या ‘सॉलोमनच्या घरा’तले विद्वान खोल गुहा, उंच मनोरे, नाना प्रयोगशाळा चालवतात आणि कोणता शोध जाहीर करायचा, कोणता दडवायचा हे आपसांत ठरवतात. काही शोध ते राज्यकर्त्यांनाही सांगत नाहीत.

आता मधल्या दशकाकडे बघा. प्रत्येक स्मार्ट शहरासाठी महापालिकेहून वेगळी कंपनी काढली, तिला सीईओ दिला, शंभरही शहरांत पडद्यांनी भरलेलं कमांड अँड कंट्रोल सेंटर उभं केलं. मार्च 2022 मध्ये पुण्या-मुंबईच्या महापालिकांची मुदत संपली आणि साडेतीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासकांनी कारभार केला. तीस कुटुंबांमागे एक जाऊ द्या, लाखो माणसांमागे एकही निवडलेला नगरसेवक नव्हता. सौदी अरेबियाने 2021 मध्ये 170 किलोमीटर लांबीचं ‘द लाइन’ हे शहर जाहीर केलं. त्या पट्ट्यातल्या हुवैतात जमातीच्या वस्त्या उठवल्या गेल्या. मोरने मेंढ्यांवरून मांडलेली तक्रार अशी पुन्हा जिवंत झाली, फक्त या वेळी ती आराखड्यात कुठेच नव्हती.

मोरचं बेट तरी कुठे मोकळं होतं, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. तिथे गुलाम आहेत, प्रवासाला परवाना लागतो, पडीक जमिनीसाठी शेजाऱ्याशी युद्धही चालतं. यातलं काहीच घेण्यासारखं नाही. पण सत्तेला वेळ घ्यायला लावणं आणि प्रतिनिधींची निवड दरवर्षी लोकांकडे परत नेणं, या दोन गोष्टी गुलामगिरीवर उभ्या नाहीत, त्या वेगळ्या काढता येतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पाणी, सांडपाणी, वाहतूक हे जाणकारांचं काम, तिथे मतदान काय करणार? जाणकार हवेतच. प्रश्न त्यांच्यावर नजर कुणाची हा आहे. बेकन स्वतः इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सलर होता आणि 1621 मध्ये लाच घेतल्याची कबुली देऊन पदावरून गेला. त्याला पकडलं ते विद्वानांच्या मंडळाने नव्हे, संसदेने.

‘न्यू अटलांटिस’ अपुरंच राहिलं. त्यात आदर्श राज्याचे कायदे आणि रचनाही मांडायची असं बेकनच्या मनात होतं, पण काम लांबेल म्हणून तो निसर्गशास्त्राच्या नोंदींकडे वळला, असं त्याचा सहायक विल्यम रॉली याने प्रस्तावनेत लिहून ठेवलं आहे. प्रयोगशाळांची वर्णनं छापून आली, राज्याचे कायदे लिहायचे राहूनच गेले.